गुलाबाच्या घरातले ‘औषध’

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात मावळातली सकाळ चांगलीच गार असते. ओपीडीच्या रांगेत लोक स्वेटर, कानटोपी, शाल गुंडाळून बसलेले असतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी विशीतला एक तरुण माझ्यासमोर आला. अंगात साधा शर्ट आणि तोही घामाने भिजलेला. उलट्या, पोटात मुरडा, डोके जड. ताप नव्हता. रात्री काय खाल्लेस म्हणून विचारले, तर म्हणाला, गाडीवरची अंडाभुर्जी. मला कारण सापडले असे वाटले. उलटी थांबवण्याची गोळी, जलसंजीवनीची पाकिटे आणि ‘बाहेरचे खाऊ नको’ हा सल्ला देऊन मी त्याला पाठवून दिले. मागे रांग मोठी होती.

तिसऱ्या दिवशी तो पुन्हा आला. या वेळी त्याच्याच खोलीवर राहणारा आणखी एक जण सोबत होता. त्यालाही तसाच त्रास होत होता आणि त्याने भुर्जी खाल्लेली नव्हती. या दुसऱ्याच्या डोळ्यांवर बॅटरी धरली तर बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या. तोंडात लाळ साठत होती, दंडाचे स्नायू अधूनमधून आपोआप फुरफुरत होते. तेव्हा कुठे मी पहिल्या दिवशी विचारायला हवा होता तो प्रश्न विचारला, ‘‘काम काय करता?’’

‘‘फूल में हैं, साहब.’’

‘‘फुलात म्हणजे काय?’’

‘‘दवा मारते हैं.’’

दोघेही झारखंडचे. मावळातल्या एका पॉलिहाऊसमध्ये गुलाबावर फवारणी करत होते. त्यांना झालेली ती कीटकनाशकाची विषबाधा होती. कपडे काढून साबण-पाण्याने अंघोळ घातली, अ‍ॅट्रोपिन सुरू केले, वॉर्डात ठेवले. दोघेही बरे झाले. पण पहिल्याला मी दोन दिवस आधी गोळ्या देऊन त्याच पॉलिहाऊसमध्ये परत पाठवले होते, हे मी अजून विसरलेलो नाही.

एकाच शब्दाची अडचण

आपल्याकडे शेतकरी कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो. हिंदी बोलणारा मजूर ‘दवा’ म्हणतो. ‘औषध मारले’ म्हणजे फवारणी केली आणि ‘औषध प्यायला’ म्हणजे आत्महत्येचा प्रयत्न केला, हे ग्रामीण भागातल्या कुठल्याही डॉक्टरला सांगावे लागत नाही. कीटकनाशकाची विषबाधा म्हटले की आम्हा डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर बाटली तोंडाला लावलेला रुग्ण येतो. नातेवाईक बाटली घेऊन धावत येतात, पोलिसांना कळवले जाते, सगळी यंत्रणा हलते. पण जे विष कातडीतून आणि श्वासातून दिवसादिवसाने थोडे थोडे शरीरात गेले, त्याच्यासोबत बाटली येत नाही. असा रुग्ण स्वतः चालत येतो, ‘चक्कर येते, मळमळते’ म्हणतो आणि पित्ताची गोळी घेऊन जातो.

रुग्णालाही आपल्या त्रासाचा संबंध कामाशी लावता येतोच असे नाही. घाम हा उन्हाचा, डोकेदुखी जागरणाची, उलटी बाहेरच्या खाण्याची, असे त्याचे हिशेब असतात. शिवाय आजारी पडला तर खाडा पडतो. गावाकडून येताना मुकादमाकडून उचल घेतली असेल तर ती फेडायची असते. त्यामुळे अगदीच सहन होईना तेव्हाच तो दवाखान्याची पायरी चढतो.

मावळाचा गुलाब कोण फुलवते?

तळेगाव दाभाडेजवळ आंबी, नवलाख उंबरे भागातले एमआयडीसीचे फ्लोरिकल्चर पार्क आणि पवन मावळातली पॉलिहाऊस यांमुळे मावळचा गुलाब देशभर आणि परदेशातही पोहोचला. इथली थंड रात्र गुलाबाला मानवते. १४ फेब्रुवारीच्या व्हॅलेंटाइन डेला फूल बाजारात पोहोचावे म्हणून डिसेंबरमध्ये छाटणी होते आणि जानेवारीच्या अखेरीस काढणी जोरात येते. परदेशी जाणाऱ्या फुलावर एक कीड, पानावर एक ठिपका चालत नाही. म्हणून याच काळात फुलकिडे, लाल कोळी, भुरी आणि डाऊनी यांच्यावर फवारणीही वाढते.

हे काम करणाऱ्यांत बिहार, झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेले तरुण आहेत, तसेच विदर्भ-मराठवाड्यातून आलेली जोडपीही आहेत. अनेकांची राहण्याची खोली पॉलिहाऊसला लागूनच असते. म्हणजे दिवसाचे काम संपले तरी फवाऱ्याचा वास संपत नाही. फवारणीचे कपडे त्याच खोलीत दोरीवर वाळतात, त्याच बादलीत घरातलेही कपडे धुतले जातात. रिकाम्या कॅनमध्ये पाणी भरून ठेवलेलेही मी पाहिले आहे. बायको गरोदर असेल, लहान मूल रांगत असेल, तर त्यांनाही त्यातला वाटा मिळतो.

बंद घरात काय घडते?

उघड्या शेतात फवारलेला तुषार वाऱ्याने विरळ होतो. पॉलिहाऊसमध्ये वर प्लास्टिक आणि बाजूला पडदे असतात. आतली हवा दमट आणि बाहेरपेक्षा गरम असते. पावसाळ्यात मावळात आठवडाआठवडा पाऊस थांबत नाही. तेव्हा पडदे लावलेले राहतात, दमटपणामुळे बुरशी वाढते, बुरशीमुळे फवारणी वाढते आणि हवा खेळण्याची सोय मात्र नेमकी तेव्हाच कमी झालेली असते.

विष शरीरात जाण्याचा मुख्य रस्ता नाक असावा, असा सर्वसाधारण समज आहे. फवारणीच्या कामात मात्र कातडीचा वाटा फार मोठा असतो. बेडच्या अरुंद फटीतून चालताना ओली पाने शर्टाला आणि पँटला घासतात. भिजलेले कापड तासन् तास अंगाला चिकटून राहते. कातडी सगळीकडे सारखी नसते. हाताच्या कातडीपेक्षा काखेतून आणि जांघेतून रसायन कितीतरी पट अधिक आत जाते. उष्णतेने रक्तवाहिन्या पसरलेल्या आणि घामाने कातडी मऊ झालेली असेल तर आणखी अधिक. काट्यांनी ओरखडे पडलेले हात हाही एक दरवाजाच.

सगळी कीटकनाशके एका जातीची नसतात. त्यातल्या ऑर्गनोफॉस्फेट आणि कार्बामेट या दोन गटांचे काम समजून घेण्यासारखे आहे. आपल्या मज्जातंतूंकडून स्नायूंना आणि ग्रंथींना निरोप पोहोचवणारे एक रसायन असते, अ‍ॅसिटिलकोलिन. निरोप पोहोचला की ते पुसून टाकण्याचे काम कोलिनएस्टरेज नावाचे विकर करते. ही कीटकनाशके त्या विकरालाच जखडून टाकतात. मग निरोप पुसला जात नाही. ग्रंथी स्रवत राहतात, म्हणून घाम, लाळ, अश्रू. आतडी आवळत राहतात, म्हणून मुरडा आणि जुलाब. बाहुल्या आकसतात, स्नायू फुरफुरतात. मात्रा जास्त असेल तर छातीत स्राव साठतो, श्वासाचे स्नायू थकतात आणि माणूस दगावतो.

कार्बामेटची पकड काही तासांत सुटते. ऑर्गनोफॉस्फेटची पकड मात्र काही काळाने पक्की होते. रक्तातल्या लाल पेशींना हे विकर नव्याने तयार करता येत नाही. जुन्या पेशी जाऊन नव्या येतील तेव्हाच ते भरून निघते आणि लाल पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असते. म्हणजे दररोज थोडे थोडे विकर खर्च होत असेल तर माणूस वरून ठीक दिसतो, पण त्याची शिल्लक उतरत जाते. एखाद्या दिवशी नेहमीच्याच फवारणीने तो कोसळतो आणि सगळे म्हणतात, ‘काल तर बरा होता!’

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. डोक्यापर्यंत वाढलेली कपाशी, दमट हवा, मिसळून फवारलेली रसायने आणि उघडे अंग, असे सगळे तिथे जुळून आले होते. उंच वाढलेल्या गुलाबाच्या रांगा, दमट हवा आणि वर छप्पर असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्यांची काळजी त्यामुळेच अधिक घ्यायला हवी.

मास्क सगळ्यात शेवटी

सुरक्षेचा विषय निघाला की मालक म्हणतात, ‘‘आम्ही मास्क दिलेत, ही पोरे घालत नाहीत.’’ हे पुष्कळदा खरे असते. पण दुपारी पॉलिहाऊसमध्ये रबरी कोट आणि मास्क घालून अर्धा तास उभे राहून पाहावे, म्हणजे पोरे तो का काढतात ते कळेल. विषबाधा टाळण्याच्या नादात उष्माघात व्हायचा. नवीन आलेल्या माणसाच्या शरीराला इथल्या उष्म्याची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, हेही विसरले जाते. शिवाय तोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मास्क रसायनाची वाफ अडवत नाही. ओला झालेला रुमाल तर तेच रसायन नाकाशी धरून ठेवतो. काट्यांसाठी दिलेले चामडी हातमोजे रसायन शोषून घेतात.

औद्योगिक आरोग्यात उपायांचा एक क्रम असतो. आधी धोका कमी करायचा, मग माणसाला धोक्यापासून दूर ठेवायचे आणि तरीही जे उरेल त्यासाठी मास्क-हातमोजे. पॉलिहाऊसला हा क्रम लावला तर असे दिसते. पिवळे-निळे चिकट सापळे लावून किडीवर नजर ठेवली, कोळी खाणारे मित्रकोळी सोडले, तर फवारण्यांची संख्या घटते. रसायन निवडताना कमी विषारी निवडता येते. डब्यावरचा त्रिकोण त्यासाठीच असतो. लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, निळा आणि हिरवा. हा त्रिकोण वाचायला अक्षरओळख लागत नाही, त्यामुळे संथाली किंवा ओडिया बोलणाऱ्यालाही तो पाच मिनिटांत शिकवता येतो. मात्र हिरवा म्हणजे निरुपद्रवी नव्हे, हेही सांगायला हवे.

त्यानंतर वेळापत्रक. फवारणी सकाळी लवकर किंवा काढणी-छाटणीची माणसे घरी गेल्यावर. फवारणी झालेल्या पॉलिहाऊसच्या दाराला लाल फडके बांधावे आणि लेबलवर दिलेला काळ उलटून, पडदे उघडून हवा खेळल्याखेरीज कुणालाही आत सोडू नये. विषबाधा फवारणाऱ्यालाच होते असे नाही. तासाभराने कळ्या तोडायला आत जाणाऱ्या बाईच्या हातालाही तेच रसायन लागते. एकाच माणसाला रोज फवारणीला लावण्याऐवजी पाळी बदलावी. दाराशी पाणी, साबण आणि अंघोळीची जागा असावी. फवारणीचे कपडे मालकाने द्यावेत आणि ते कामाच्या जागीच धुतले जावेत. यातल्या बहुतेक गोष्टींना पैशांपेक्षा शिस्त जास्त लागते.

कायदा आहे, कागद नाही

कीटकनाशके अधिनियम १९६८ चा. त्याखालचे १९७१ चे नियम वाचले तर आश्चर्य वाटते. फवारणीच्या कामावर असलेल्यांची कामाला लागण्यापूर्वी आणि नंतर ठरावीक काळाने वैद्यकीय तपासणी करावी, कोलिनएस्टरेज जखडणाऱ्या रसायनांशी संबंध येत असेल तर रक्तातले त्याचे प्रमाण दरमहा मोजावे, असे त्यांत म्हटले आहे. यामागे पक्के शास्त्र आहे. या विकराची सामान्य पातळी माणसागणिक बरीच वेगळी असते. हंगामापूर्वीचा आकडा हाती असला तरच नंतर तो किती उतरला हे कळते. माझ्या ओपीडीत आलेल्या फवारणी कामगारांपैकी एकाच्याही खिशात असा आकडा मी आजवर पाहिलेला नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेने १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याची जागा घेतली आहे. तिच्यात नेमणूकपत्र आणि ठरावीक वयाच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत तपासणी यांची तरतूद आहे. ठेकेदारामार्फत न येता स्वतःहून आलेला परप्रांतीयही आता आंतरराज्य स्थलांतरित कामगार मानला जातो. पण हक्क मागायला आणि भरपाईचा दावा करायला कागद लागतो. तो कागद बनवणाऱ्यांत आम्ही डॉक्टरही असतो. केसपेपरवर नुसते ‘उलट्या, पोटदुखी’ लिहिले तर त्या माणसाचे आजारपण त्याच्या कामापासून कायमचे तुटते.

इटलीतल्या मोडेना शहरी १७०० साली बर्नार्दिनो रामाझिनी या वैद्याने कामगारांच्या रोगांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला विचारायच्या जुन्या प्रश्नांत ‘तू काय काम करतोस?’ या एका प्रश्नाची भर घालावी, असे त्याने सुचवले होते. तीनशे वर्षांनंतर, एमबीबीएस होऊन इतकी वर्षे नोकरी केलेल्या माझ्याकडून तो प्रश्न सुटला.

आजार गावी जातो

स्थानिक माणसाला कामामुळे आजार झाला तर तो इथेच राहतो. शेजाऱ्यांना दिसतो, ग्रामसभेत त्याचा विषय निघतो. परप्रांतीय मजुराचा आजार त्याच्याबरोबर रेल्वेत बसून निघून जातो. त्या दोघांना मी महिन्याने तपासणीला बोलावले होते. फेब्रुवारीचा हंगाम संपला, होळी आली, ते गावी गेले आणि परतले नाहीत. केसपेपरवरचा पत्ता पॉलिहाऊसचा होता. त्यांच्या गावच्या डॉक्टरला काही कळण्याचा मार्ग नव्हता आणि मलाही त्यांचे पुढे काय झाले हे कळले नाही.

फुलांच्या बाहेरही हेच घडते. मावळातल्या दगडखाणी आणि क्रशरवर, घाटातल्या बोगद्यांच्या कामांवर दगड फुटतो तेव्हा सिलिकाची बारीक धूळ उडते. तिच्यामुळे होणारा सिलिकोसिस बहुधा दहा-वीस वर्षांनी उघड होतो. तोवर माणूस शेकडो मैल दूर आपल्या गावी असतो आणि छातीचा फोटो पाहून त्याला क्षयाची औषधे सुरू झालेली असतात. खाणीच्या नोंदीत मात्र आजाराची एकही नोंद नसते.

या भूमीला हे नवे नाही. बोरघाटातला रेल्वेमार्ग १८५६ ते १८६३ या काळात बांधला गेला. पंचवीस बोगदे खोदले गेले. काम ऐन भरात असताना चाळीस हजारांच्या आसपास मजूर डोंगरावर राबत होते. पटकी, ताप आणि अपघात यांनी त्यांतले हजारो मेले. सॉलोमन ट्रेडवेल हा कंत्राटदारही इथे आल्यावर थोड्याच दिवसांत आजाराने गेला आणि त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने काम पुढे नेले, हे इतिहासाच्या पुस्तकांत सापडते. मजूर सापडतात ते आकड्यांत. लोणावळ्याहून खाली उतरणाऱ्या गाडीत बसणाऱ्याला त्यांच्यापैकी एकाचेही नाव सांगता येणार नाही.

आज इतके लोक मरत नाहीत. पण आजाराची नोंद न होण्याची रीत तीच आहे. ती मोडायला मोठी यंत्रणा लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून खासगी दवाखान्यापर्यंत प्रत्येक केसपेपरवर ‘काम’ आणि ‘कामाची जागा’ लिहिली जावी. एकाच जागेवरून आठवड्यात दोन-तीन जण सारखीच तक्रार घेऊन आले तर तालुका आरोग्य अधिकाऱ्याला कळवावे. आणि गावी जाणाऱ्या मजुराच्या हाती, त्याने कुठे, काय आणि किती दिवस काम केले हे लिहिलेला एक कागद द्यावा. तिकडच्या डॉक्टरला तो उपयोगी पडेल.

फवारणीनंतर त्रास झाला तर

– माणसाला ताबडतोब मोकळ्या हवेत आणा. भिजलेले सर्व कपडे काढा. केस, काखा, जांघा, नखे यांसह अंग साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. डोळ्यांत गेले असेल तर पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवा.

– मदत करणाऱ्याने हातमोजे, ते नसतील तर हातांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात.

– मुद्दाम उलटी करवू नका. दूध, तूप, लिंबू, मीठ-पाणी पाजू नका.

– शुद्ध हरपत असेल तर कुशीवर झोपवा. ‘जरा पडून राहा, बरे वाटेल’ म्हणून खोलीवर एकट्याला सोडू नका.

– १०८ ला फोन करा. रसायनाचा डबा किंवा लेबलचा फोटो सोबत आणा. उताऱ्याची माहिती लेबलवर असते आणि त्याने डॉक्टरचा वेळ वाचतो.

– थंडीतही घाम, तोंडात लाळ, बारीक झालेल्या बाहुल्या, धूसर दिसणे, स्नायू फुरफुरणे, छाती भरून येणे, यांतले काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका.

– काटा लागलेल्या जागी गाठ येऊन ती हातावरून वर वर माळेसारखी सरकू लागली तर तो बुरशीचा संसर्ग असू शकतो. धनुर्वाताचे इंजेक्शन घेतलेले असावेच, पण ही गाठही दाखवावी.

गुलाबाची शेती बंद करा, असे म्हणण्याचा माझा हेतू नाही. मावळातल्या अनेक शेतकऱ्यांचे घर तिच्यावर उभे आहे आणि लांबून येणाऱ्या कितीतरी घरांतली चूलही. पॉलिहाऊसच्या मालकांपैकी अनेक जण मला गावात, लग्नकार्यात भेटतात. त्यांना मी एवढेच सांगतो की पुढच्या डिसेंबरात छाटणी सुरू होण्याआधी फवारणीच्या पोरांना एकदा रक्त तपासायला घेऊन या.

माझ्या ओपीडीत आता केसपेपर काढतानाच काम विचारले जाते. कुणी ‘दवा मारता हूँ’ म्हणाला की आमच्या सिस्टर त्याला रांगेतून पुढे आणतात आणि बॅटरी माझ्या हातात देतात.